हिमतळीचे जीवन आणि त्याचे मोल



आजचा माझा विषय, पृथ्वीच्या दोन्ही टोकांशी बर्फाच्या छताखाली राहणारे मासे तेथे जगतात कसे, हा आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, तिगावच्या या संत्र्याच्या बागांच्या मुलखात, जेथून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर आहे, तेथे हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आणि मूळ विषयाला हात घालण्यापूर्वी त्याचे उत्तर देणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिले उत्तर आपल्या जमिनीतच आहे. आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या बाजूला, पेंच आणि कन्हान यांच्या खोऱ्यांतील ज्या खाणींतून पिढ्यान्‌पिढ्या कोळसा निघत आला, तो कोळसा ज्या अरण्यांपासून झाला त्या अरण्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाचे, जिभेच्या आकाराची पाने असलेले वृक्ष होते. आणि १९१२ च्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवाहून परतताना, उपासमारीने आणि थंडीने खचत चाललेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीच्या काठी जे सुमारे सोळा किलो दगड वेचले आणि मृत्यू समोर दिसत असतानाही अखेरच्या मुक्कामापर्यंत टाकून दिले नाहीत, त्या दगडांत याच वृक्षाच्या पानांचे ठसे होते. आज मैल-मैल जाडीच्या बर्फाखाली दडलेला तो खंड आणि आपली ही भूमी एके काळी एकाच महाभूमीचे, गोंडवनाचे, सलग भाग होते. म्हणून अंटार्क्टिका आपल्याला परका नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटणी होऊन दूर गेलेला तो आपला भाऊबंद आहे.

दुसरे उत्तर याहून जवळचे. येथून रेल्वेने शंभरएक किलोमीटरवर असलेल्या नागपुरात १९४३ साली जन्मलेल्या आणि पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. अदिती पंत या १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या पहिल्या स्त्रिया होत. विद्यार्थिदशेत ॲलिस्टर हार्डी या प्राणिशास्त्रज्ञाचे समुद्रावरील पुस्तक हाती पडले आणि अदितीबाईंच्या आयुष्याची दिशा ठरली. हे हार्डी स्वतः १९२५ साली ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण महासागरात गेलेले होते. अदितीबाईंचा अभ्यास तेथील पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचा, म्हणजे ज्या अन्नसाखळीच्या वरच्या कड्यांत आजचे आपले मासे आहेत तिच्या अगदी पहिल्या कडीचा. आणि मुरगावहून ६ डिसेंबर १९८१ रोजी निघून ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, हे तर मत्स्यजीवनाचेच अभ्यासक होते. एखाद्या लहान गावातील मुलाने वा मुलीने हा विषय आपला मानावा, इतका आधार एवढ्यावरून निश्चित मिळतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. सोयीसाठी त्याचे चार भाग करतो. तेथील संकट कोणते, हा पहिला. त्या संकटावर माशांनी केलेला बंदोबस्त कोणता, हा दुसरा. तो बंदोबस्त आला कोठून, हा तिसरा. आणि त्याचे मोल काय मोजावे लागले, हा चौथा. यांतील चौथा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रथम संकट. गोडे पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण शाळेत शिकतो. समुद्राच्या पाण्यात दर किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे ते उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहते. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो उपसागराचे पाणी बहुतेक वर्षभर याच सीमारेषेवर असते. माथ्यावर दोन-दोन मीटर जाडीचे बर्फ, वर्षातले चार महिने सूर्याचे दर्शन नाही, आणि त्या छताच्या खालच्या अंगाला बर्फाच्या पातळ, धारदार पापुद्र्यांचे जाळे लोंबत असलेले. त्या जाळ्याच्या फटींत वीतभर लांबीचा, करड्या-तपकिरी रंगाचा एक मासा विसावलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला बोर्चग्रेविंक या संशोधकाच्या नावावरून ‘बोर्चग्रेविंकी’ म्हणून ओळखतात. बर्फाच्या पापुद्र्यांत फिरणारे बारीक कवचधारी जीव टिपून तो उदरनिर्वाह करतो, आणि शत्रू आला तर त्याच पापुद्र्यांत शिरून लपतो. त्याच्या अंगाला बर्फ लागते, कल्ल्यांना लागते, पाण्याबरोबर आणि भक्ष्याबरोबर ते पोटातही जाते.

यात विशेष ते काय? समुद्राचे पाणी गोठले नाही, तर मासा का गोठावा? येथेच मेख आहे. माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याइतके खारट नसते. साधारण समुद्री माशाचे रक्त उणे ०.७ किंवा ०.८ अंशाच्या सुमारासच गोठते. म्हणजे उणे १.९ अंशाच्या पाण्यात असा मासा सोडला, तर ज्या पाण्यात तो पोहतो ते द्रव राहील आणि जो पोहतो तो गोठेल! संशोधक पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील लॅब्राडोरच्या एका फ्योर्डमध्ये, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाडीत, एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. तळाच्या खोल पाण्यात, जेथे बर्फाचा कणही नव्हता, तेथे काही मासे उणे १.७ अंशाच्या पाण्यात खुशाल फिरत होते. त्यांचे रक्त आपल्या गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच होते, कारण गोठण्यास आरंभ करून देणारा पहिला स्फटिक तेथे नव्हता. ते मासे वर आणून त्यांना बर्फाचा स्पर्श घडविला मात्र, तोच ते गोठून मेले. थंडी त्यांना मारीत नव्हती. बर्फ मारीत होते. हा भेद आपण नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सर्व कथा याच भेदावर उभी आहे.

दुसरा भाग, बंदोबस्त. बर्फाशी क्षणोक्षणी संबंध येणारा मासा बर्फ टाळू शकत नाही. मग त्याने करावे काय? रक्तातील क्षार समुद्राइतके वाढवावेत, तर साऱ्या देहाची घडी विस्कटते. आर्थर डीव्रीज या तरुण अमेरिकन संशोधकाने १९६१ पासून मॅकमर्डोला राहून हा प्रश्न हाती घेतला, आणि १९६९ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. त्या माशांच्या रक्तात प्रथिन आणि शर्करा यांच्या संयोगाने बनलेले एक द्रव्य असते. ॲलॅनिन, ॲलॅनिन आणि थ्रिओनिन ही तीन अमिनो आम्ले पुनःपुन्हा त्याच क्रमाने येतात आणि दर तिसऱ्याला शर्करेची एक जोडी लटकलेली असते. मीठ विरघळवून गोठणबिंदू खाली नेण्याचा जो सर्वसाधारण शिरस्ता आहे, त्या हिशेबाने या द्रव्याचे प्रमाण अगदी नगण्य. तरी त्याचा परिणाम त्या हिशेबाच्या शेकडो पट.

हे घडते कसे? शरीरात शिरलेल्या बर्फाच्या इवल्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर हे रेणू जागोजाग जाऊन चिकटतात. स्फटिकाला वाढायचे झाले तर या चिकटलेल्या रेणूंच्या मधल्या जागेतूनच वाढावे लागते. आणि टाके घातलेली गादी जशी दोन टाक्यांच्या मध्ये फुगते, तसा त्याचा पृष्ठभाग फुगीर होऊ लागतो. फुगीर पृष्ठभागावर पाण्याचा नवा रेणू टिकणे कठीण असते, त्याला अधिक थंडी लागते. आणि तितकी थंडी त्या समुद्रात नसते. स्फटिक तेथेच थांबतो. तो नष्ट झालेला नसतो, केवळ अडविलेला असतो. त्यामुळे या माशांचे रक्त उणे दोन अंशांच्याही खाली प्रवाही राहते.

आणि या पहाऱ्याची व्यवस्था किती काटेकोर आहे पाहा! बर्फ सर्वांत अधिक शिरते ते मुखावाटे, म्हणून हे द्रव्य स्वादुपिंडातून थेट आतड्यांतही सोडले जाते. इतके मोलाचे द्रव्य मूत्रावाटे वाहून जाऊ नये, म्हणून या माशांच्या मूत्रपिंडांत रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छच नाहीत. अडविलेले स्फटिक प्लीहेत आढळतात. परंतु या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. जे द्रव्य बर्फाला वाढू देत नाही, तेच त्याला सहजी वितळूही देत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, पाणी किंचित उबदार होऊन स्फटिकांनी वितळावयास हवे, अशा वेळीसुद्धा ते माशांच्या देहात तसेच राहतात. संकट टळले, पण ते देहातच मुक्कामाला राहिले.

तिसरा भाग, हा बंदोबस्त आला कोठून? निसर्गाने पुढचे ओळखून आधीच तरतूद करून ठेवली होती काय? उत्क्रांतीचे शास्त्र सांगते की नाही. निसर्गाला पुढचे दिसत नाही, त्याच्या हाती असते ते मागचे सामान. डीव्रीज यांच्यासह क्रिस्टिना चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले, की दक्षिणेकडील माशांत हे द्रव्य घडविणारे जनुक अन्न पचविणाऱ्या ट्रिप्सिनोजेन या द्रव्याच्या जुन्या जनुकातून घडलेले आहे. त्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली, तिच्यातला एक बारीकसा तुकडा पुनःपुन्हा दुणावत गेला, आणि पचनाच्या दप्तरातले जनुक संरक्षणाच्या कामावर तैनात झाले. हे सारे आंधळेपणाने, अनंत फेरफारांतून, ज्या पिढ्या वाचल्या त्यांच्याद्वारे घडले.

याहून विस्मयकारक गोष्ट पुढेच आहे. उत्तर ध्रुवाकडील आर्क्टिक कॉड या माशाच्या रक्तातही जवळजवळ हुबेहूब हेच द्रव्य आहे. या दोन कुळांचा निकटचा संबंध नाही, त्यांच्यामध्ये सारी पृथ्वी आडवी पसरली आहे. मग द्रव्य एक कसे? अलीकडच्या संशोधनाने ठरविले की कॉडचे जनुक पचनाच्या जनुकातून आलेलेच नाही. ते जनुकसंचाच्या अशा भागातून उभे राहिले, ज्यात पूर्वी कोणत्याही प्रथिनाचा मजकूर नव्हता. दोन टोकांना, दोन निराळ्या सामानांतून, एकाच संकटावर एकच उपाय! तिकडे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाने तिसराच मार्ग धरला; त्याचे संरक्षक प्रथिन निराळ्या घडणीचे, आणि तेही मुदतीचे. दिवस लहान होऊ लागले की ते यकृतात तयार होऊ लागते, वसंतात ओसरते. जेथे संकट हंगामी तेथे बंदोबस्तही हंगामी, आणि जेथे संकट कायमचे तेथे बंदोबस्तही कायमचा.

आता चौथा भाग, मोल. अनुकूलन हा शब्द आपण अशा रीतीने वापरतो, जणू तो निव्वळ लाभच आहे. माझे आज आपल्यापाशी जे मुख्य सांगणे आहे ते हेच, की प्रत्येक अनुकूलन हा एक करार असतो, आणि प्रत्येक करारात देणे असतेच. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आइसफिश नावाच्या कुळाचे. १९२९ साली योहान रूड हा नॉर्वेचा तरुण देवमाशांच्या शिकारी जहाजावर गेला असता खलाशांनी त्याला सांगितले, की या समुद्रात रक्त नसलेला मासा सापडतो. त्याचा विश्वास बसला नाही. पुढे डिटलेफ रुस्ताद या सहाध्याय्याने १९२७ साली बूव्हे बेटापाशी मिळालेल्या अशाच एका फिकट माशाचे छायाचित्र त्याला दाखविले. रूड तो प्रश्न मनात बाळगून राहिला, १९५३ साली साउथ जॉर्जिया बेटावर जाऊन त्याने त्या माशाचे रक्त तपासले, आणि १९५४ साली जगाला सांगितले की खलाशी खरे बोलत होते. त्या रक्तात तांबड्या पेशी नव्हत्या, हिमोग्लोबिन नव्हते. नळीत घेतलेले ते रक्त पाण्यासारखे फिके दिसत होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या साऱ्या सृष्टीत, प्रौढ वयात असा दुसरा प्राणी नाही. त्याच्या जनुकसंचात हिमोग्लोबिनच्या जनुकाचे मोडके अवशेष आजही सापडतात.

मग श्वासाचे काय? थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून तो रक्तात नुसता विरघळूनच वाहिला जातो. पण असे रक्त तांबड्या रक्ताच्या तुलनेत जेमतेम एक दशांश प्राणवायू वाहू शकते. ती तूट भरून काढण्यासाठी या माशाचे हृदय मोठे झाले, रक्ताचे एकूण प्रमाण दुप्पट ते चौपट झाले, रक्तवाहिन्या रुंदावल्या, आणि हृदयाला तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांच्या चार-पाच पट रक्त ढकलावे लागू लागले. थंडीत दाटणारे रक्त पातळ झाले हा लाभच, असे काही अभ्यासक मानीत. परंतु आता अनेकांचे मत असे आहे, की ही मुळात हानीच होती, आणि थंड, प्राणवायूने समृद्ध, बदल नसलेल्या त्या समुद्राने ती खपवून घेतली. सांगायचे ते एवढेच, की सृष्टीतले जे जे टिकले ते सारे उत्तमच म्हणून टिकले असे नाही. काही केवळ परिस्थितीने निभावून नेले म्हणून टिकले आहे.

आणि ही परिस्थितीच आता बदलू लागली तर? १९६७ साली संशोधक सोमेरो आणि डीव्रीज यांनी दाखविले, की मॅकमर्डोचे हे मासे अवघ्या सहा अंशांच्या पाण्यात मरतात. सहा अंश! आपल्या तिगावात हिवाळ्याच्या एका दिवसात, पहाट आणि दुपार यांच्या तापमानातले अंतरही याहून मोठे असते. उष्णतेचा मारा झाला असता बहुतेक सर्व जीवांच्या पेशी जी संरक्षक प्रथिने तातडीने निर्माण करतात, ती तातडीची व्यवस्थाच यांपैकी अनेक माशांनी गमावली आहे. लाखो वर्षे जिचा प्रसंगच आला नाही, ती शक्ती राहील कशी? थंडीवरचा बंदोबस्त इतका परिपूर्ण झाला, की उष्णतेपुढे तटबंदीच उरली नाही.

या जगात काय पणाला लागले आहे, याची कल्पना यावी म्हणून एकच दृश्य सांगतो. २०२१ साली वेडेल समुद्रात ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधनजहाजाने बर्फाखाली, चारशे-पाचशे मीटर खोलीवर, कॅमेरे ओढीत नेले, तेव्हा तळाशी आइसफिशची घरटी दिसू लागली, आणि ती संपेनात. पाऊण मीटर रुंदीचा, वाटोळा, खडे मांडलेला खळगा. त्यात सरासरी सतराशेवर अंडी. आणि पुष्कळशा खळग्यांवर राखण करणारा एक प्रौढ मासा. सुमारे २४० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशी अंदाजे सहा कोटी घरटी! ज्या पाण्याला मनुष्य निर्जीव समजत आला, तेथे मत्स्यवंशाची जगातली सर्वांत मोठी वसाहत नांदत होती, आणि तिचा आपल्याला पत्ताही नव्हता.

त्या वसाहतीवरचे छत आज डळमळू लागले आहे. दक्षिण महासागरावर हिवाळ्यात साधारणतः एक कोटी ऐंशी लाख चौरस किलोमीटरवर बर्फ पसरते. २०२३ च्या हिवाळ्यात ते उपग्रहांनी मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकास, सुमारे एक कोटी सत्तर लाखांवर आले. अंटार्क्टिक सिल्व्हरफिशची अंडी बर्फाच्या त्या लोंबत्या पापुद्र्यांखाली वाढतात, आणि पेंग्विन, सील, मोठे मासे हे सारे त्या सिल्व्हरफिशवर जगतात. बर्फ म्हणजे त्यांचे संकट खरेच. पण कोट्यवधी वर्षांच्या करारानंतर तेच त्यांचे घर झाले आहे.

यात आपला संबंध काय, असे आता कोणी विचारणार नाही, अशी मला आशा आहे. ज्या कोळशाने आरंभी आपल्याला अंटार्क्टिकाशी नाते जोडून दिले, त्याच कोळशाचा धूर आज ते नाते बिघडवीत आहे. आपल्या खोऱ्यातला तसाच जगभरचा. आणि थंडीचे मोल तिगावच्या बागाइतदाराला कोणी शिकवावे? थंडी वेळेवर पडली नाही तर संत्र्याचा आंबिया बहर चुकतो, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेथला मासा आणि येथला बागाइतदार एकाच हवामानाच्या अमलाखाली आहेत.

आता समारोप करतो. हिमतळीच्या माशांनी आपल्याला तीन गोष्टी शिकविल्या. संकटाचे नेमके स्वरूप ओळखल्याखेरीज उपाय सापडत नाही. त्यांच्या बाबतीत शत्रू थंडी नव्हती, बर्फ होते. नवे सामर्थ्य बहुधा जुन्याच सामानातून घडते. पचनाच्या जनुकातून कवच निर्माण झाले. आणि कोणतेही सामर्थ्य फुकट मिळत नाही; जो एका परिस्थितीशी संपूर्ण एकरूप झाला, तो दुसरीपुढे उघडा पडतो. पहिल्या दोन गोष्टींत कौतुक आहे, तिसरीत जबाबदारी आहे, कारण ती दुसरी परिस्थिती निर्माण करणारे आपण आहोत.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गोव्यातील वास्को येथे आपल्या देशाची ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ १९८९ पासून आणि ‘भारती’ २०१२ पासून ही आपली ठाणी चालू आहेत. तेथे जाणारे लोक आपल्यासारख्याच गावांतून आणि शहरांतून निघालेले असतात. आपण जीवशास्त्र मन लावून शिका, प्रश्न विचारा, आणि रूडप्रमाणे एखादा प्रश्न पंचवीस वर्षे मनात धरून ठेवण्याची तयारी ठेवा. वडीलधाऱ्यांना विनंती अशी, की मुलाने, आणि मुलीने तर विशेषकरून, असे दूरचे क्षेत्र निवडले तर त्याला मोडता घालू नये. या माशांना थंडीशी करार करण्यासाठी कोट्यवधी वर्षांची मुदत मिळाली होती. उष्णतेशी करार करण्यासाठी आपण त्यांना एका शतकाचीही मुदत देत नाही. ती मुदत वाढविणे मनुष्याच्याच हाती आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान व निग्रह ही दोन्ही मिळवणे हेच आपल्या पिढीचे, त्याहूनही तुमच्या पिढीचे, काम आहे.